चोर सापडले, हे फिर्यादीला कोण सांगणार?

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
नागपूर शहर.

सादर नमस्कार.

मी नागपुरातील एका शाळेत मराठी शिकवते. माझी आई ७४ वर्षांची आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी, कार्तिकी एकादशीच्या पहाटे, ती काकड आरतीहून घरी परतत असताना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी तिच्या गळ्यातील अडीच तोळ्यांची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, हिसकावली. एकदाणी चटकन तुटली नाही, त्यामुळे आई तिच्यासोबत ओढली गेली, रस्ता दुभाजकावर आपटली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. पुढे या गुन्ह्याचा तपास लागला, आरोपींना अटक झाली, सोने जप्त झाले आणि दोषारोपपत्रही न्यायालयात गेले. यातील एकही गोष्ट आम्हाला कोणी कळवली नाही. जानेवारी २०२५ मध्ये झालेली अटक आम्हाला जुलै २०२५ मध्ये कळली, आणि तीही मी नवव्यांदा ठाण्याची पायरी चढले तेव्हा.

म्हणून हे पत्र चोर सापडत नाहीत या तक्रारीचे नाही. ज्यांनी ते शोधून काढले त्या कर्मचाऱ्यांची मी मनापासून ऋणी आहे, आणि त्यांची नावे मला कळली असती तर मी त्यांना भेटून तसे सांगितले असते. माझी तक्रार अशी आहे की गुन्हा ज्या माणसावर झाला, त्याला त्याच गुन्ह्याविषयी काही सांगायचे असते, ही गोष्ट आपल्या ठाण्यांच्या रोजच्या कामकाजात कुठेच बसत नाही. ठाण्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या हवालदाराची खात्यांतर्गत चौकशी लागावी आणि प्रकरण तिथेच मिटावे, असे मला नको आहे. शिवाय गेल्या काही महिन्यांत ज्यांच्याशी बोलले, त्यांनी वेगवेगळ्या ठाण्यांचे हेच अनुभव सांगितले.

घडले ते क्रमाने सांगते. त्या सकाळी आईला रुग्णालयात दाखल करून माझा भाऊ ठाण्यात गेला, तेव्हा ठाणे अंमलदारांनी त्याला सांगितले, की दागिना ज्यांचा, फिर्याद त्यांचीच लागते, तेव्हा आजींना घेऊन या. आजी त्या वेळी क्ष-किरण विभागाच्या दाराशी स्ट्रेचरवर होत्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. खबर देणारा स्वतः पीडितच असला पाहिजे अशी अट कायद्यात कुठेही नाही. एवढेच नव्हे, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७९ प्रमाणे स्त्रियांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना जबाबासाठी त्यांच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र बोलावता येत नाही. माझी आई यात बसते. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगण्यात आले, आणि जोडीला एक सूचनाही आली, की तूर्त दागिना गहाळ झाल्याची नोंद करून घ्या, पुढचे पुढे पाहू. मी मराठीची शिक्षिका आहे, आणि ‘गहाळ झाला’ या शब्दांनी मला जितके दुखावले तितके त्या दोन दिवसांत दुसऱ्या कशाने दुखावले नाही. गहाळ होतो तो निष्काळजी माणसाचा दागिना. माझ्या आईने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिच्या बोटांवर त्याचे वळ होते.

ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे असा निर्णय दिला, तो दिवस होता १२ नोव्हेंबर २०१३. म्हणजे आईच्या प्रसंगाच्या बरोबर अकरा वर्षे आधी. आमचा गुन्हा नोंदवला गेला तो १४ नोव्हेंबरला, ओळखीतल्या एका वकिलांनी ठाण्यात फोन केल्यानंतर. ज्यांच्या ओळखीत वकील नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, तो आता विचारते.

प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला तत्काळ आणि विनामूल्य द्यावी, असे याच संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. आम्हाला ‘ऑनलाइन काढून घ्या’ असे सांगितले गेले. भावाने ती काढली आणि वाचली, तेव्हा त्यात आईच्या हाडाचा उल्लेखच नव्हता. गुन्हा केवळ हिसकावून चोरी केल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा होता, ज्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. चोरी करताना दुखापत केली की ती जबरी चोरी होते, हे आम्हाला त्या वकिलांनी सांगितले. मग रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन भाऊ पुन्हा गेला आणि कलम वाढले. त्याने ती प्रत वाचली नसती, तर ते वाढले असते का, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे आम्हाला मिळालेले उत्तर एकाच शब्दाचे होते: बंदोबस्त. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, २३ ला मतमोजणी. १५ डिसेंबरला मंत्रिमंडळाचा शपथविधी नागपुरातच झाला आणि लगेच १६ ते २१ डिसेंबर हिवाळी अधिवेशन. नागपूरकरांना दर वर्षी डिसेंबरात ठाणी रिकामी दिसतात, आणि आम्ही ते समजून घेतो. पोलिसांची माणसे कमी आहेत, त्यांना सणवार नाहीत, दीक्षाभूमीपासून मारबतीपर्यंत प्रत्येक गर्दीत तीच माणसे उभी असतात, हे मी मनापासून मान्य करते. १७ मार्च २०२५ च्या दंगलीत आपले अनेक कर्मचारी आणि अधिकारी जखमी झाले, तेव्हा तर मी पुढचा महिनाभर ठाण्याकडे फिरकलेही नाही. अशा वेळी आपल्या अडीच तोळ्यांची चौकशी करायला जाणे मला बरे वाटले नाही. पण आमच्या गुन्ह्यातील अटक तोवर होऊन गेली होती. मला जे कळायला हवे होते, ते ठाण्यातील एका संगणकात दोन महिन्यांपासून पडून होते.

या काळात घरी काय चालले होते, ते आपण वाचावे अशी माझी विनंती आहे.

आई शस्त्रक्रियेनंतर डिसेंबरात घरी आली. जानेवारीच्या अखेरीस वॉकर घेऊन घरातल्या घरात चालू लागली. डॉक्टरांनी रोज थोडे अंगणात फिरायला सांगितले होते. ती अंगणात जात नसे. आमचे घर रस्त्याला लागून आहे, आणि कोणतीही दुचाकी दारासमोर वेग कमी करून गेली की ती भिंतीला हात लावून थांबायची. पुढच्या खोलीच्या दाराला तिने दिवसाही आतून कडी लावायला सुरुवात केली. त्या दोघांना आपला पत्ता ठाऊक आहे, देवळात जायची वेळ ठाऊक आहे, आणि आपण पोलिसांत गेलो म्हणून ते परत येतील, अशी तिची पक्की समजूत झाली होती. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले, की पर्स खाली ठेवण्याआधी ती विचारायची, “आला का गं काही फोन?” मी नाही म्हणायची. मग ती स्वतःच म्हणायची, “कामं असतात त्यांना,” आणि विषय बदलायची. जानेवारीपासून जुलैपर्यंत हा प्रश्न तिने किती वेळा विचारला असेल, याचा हिशेब केला तर माझा जीव तुटतो, कारण त्या प्रत्येक संध्याकाळी त्या प्रश्नाचे उत्तर तयार होते.

१८ जुलैला मी ठाण्यात गेले. आमचे तपास अधिकारी बदलीवर गेले होते, हेही मला तिथेच कळले. टेबलामागे एक तरुण महिला शिपाई होती. तिने गुन्हा क्रमांक विचारला, संगणकात टाकला आणि म्हणाली, “मॅडम, हा तर उघडकीस आला आहे. जानेवारीतच. दोघे अटक होते, जामिनावर आहेत. दोषारोपपत्र एप्रिलमध्ये गेलं.” हे सगळे मिळून दोन मिनिटांचेही काम नव्हते. तिने मला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि कागदावर खटल्याचा क्रमांक लिहून दिला. आधीच्या आठ फेऱ्यांत हे एकदाही झाले नव्हते.

त्यानंतर जप्त मुद्देमालाची गोष्ट निघाली. आरोपींनी एकदाणी एका सराफाला विकली होती आणि त्याने ती वितळवली होती, त्यामुळे जप्त झाली ती लगड. तिचा फोटो मला दाखवण्यात आला: पारदर्शक पिशवीत बोटाच्या पेराएवढा सोन्याचा तुकडा आणि त्याला लाखेची मोहोर केलेली चिठ्ठी. घरी येऊन मी आईला सर्व सांगितले. चोर पकडले हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. लगडीचे सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे मणी गेले.” ती एकदाणी तिला तिच्या आईने दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुढच्या दाराची कडी काढली आणि ओट्यावर खुर्ची मागितली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

महोदय, आरोपी जामिनावर सुटले आहेत हेही मी तिला सांगितले, लपवले नाही. ती घाबरली, पण खरे काय ते माहीत असताना घाबरणे आणि काहीच माहीत नसताना घाबरणे यांत फार अंतर आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तिने लगेच विचारले, की ते इकडे आले तर कोणाला सांगायचे. या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिलेली आहे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ मध्ये राज्यांवर अशी योजना करण्याचे बंधन घातले आहे. माझी आई या खटल्यातील मुख्य साक्षीदार आहे. तिला यातले एक अक्षरही कोणी सांगितलेले नाही.

आता कायद्याचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये असे नमूद आहे, की तपास अधिकाऱ्याने नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली पाहिजे, आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमासह कोणत्याही मार्गाने कळवता येते. म्हणजे पत्र नको, नोटीस नको, मोबाइलवर दोन ओळींचा संदेशही चालतो. आमचे नव्वद दिवस फेब्रुवारी २०२५ मध्येच पूर्ण झाले. तोवर आरोपींना अटक होऊन गेली होती, म्हणजे कळवण्यासारखे काही नव्हते असेही नाही. याच्याही आधी, २०२२ मध्ये, लखीमपूर खेरी प्रकरणात जामीन रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर सहभागी होण्याचा अधिकार आहे. ज्याला खटला कोणत्या न्यायालयात आहे हेच माहीत नाही, त्याने सहभागी कसे व्हावे?

कळवण्याची साधने नाहीत, असे मला कोणी सांगू नये. मे महिन्यात अजनी चौकात सिग्नलला माझ्या मुलाच्या दुचाकीचे पुढचे चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेले. गाडी माझ्या नावावर आहे. ई-चलनाचा संदेश माझ्या मोबाइलवर आला, त्यात वेळ होती, जागा होती, दंडाची रक्कम होती आणि गाडीचा फोटो होता. चूक मुलाची होती, आम्ही दंड भरला. पण तो संदेश वाचताना माझ्या मनात आले, की माझा हाच मोबाइल क्रमांक आईच्या फिर्यादीतही लिहिलेला आहे. एकाच पोलीस दलाकडे तो दोन ठिकाणी आहे. दंड वसूल करायचा असतो तेव्हा तो क्रमांक लागतो, आणि आईला दिलासा द्यायचा असतो तेव्हा तो लागत नाही, हे मला मान्य होत नाही.

आमचे नुकसान तरी सोन्याचे आणि हाडाचे. आमच्याकडे वर्षानुवर्षे पेपर टाकणाऱ्या गृहस्थांना गेल्या वर्षी पहाटे एका अज्ञात वाहनाने रिंग रोडवर उडवले आणि ते जागीच गेले. वाहन सापडले नाही. त्यांची पत्नी धुणीभांडी करून घर चालवते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देणारी केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, हे तिला एक वर्षानंतर माझ्याकडून कळले, आणि मलाही ते आईच्या प्रकरणात वाचन करता करताच कळले होते. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला आहे, की महिन्याभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही तर ठाण्याने वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी. त्या बाईंकडे ठाण्यातून आलेला एकही कागद नाही. मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही तिच्याकडे नव्हता. तो मिळवायला तिने कामावरच्या चार सुट्ट्या घातल्या आणि प्रत्येक सुट्टीचे पैसे तिचे कापले गेले. मी तिच्यासोबत अर्ज भरायला बसले तेव्हा तिने विचारले, “हे आधीच का नाही सांगितलं कोणी? मी काय मागायला जाणार होते का?” मागायला जावे लागू नये म्हणूनच तर न्यायालयाने ते सांगण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे.

आर्थिक फसवणुकीचे तसेच आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केल्यावर रक्कम गोठवली जाते, इथपर्यंत लोकांना ठाऊक झाले आहे. पण ती कोणत्या बँकेत किती गोठली आणि परत मिळण्यासाठी कोणत्या न्यायालयात अर्ज करायचा, हे आमच्या शाळेतील एका निवृत्त सहकाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही माहीत नाही.

आणि ज्यांचा तपास लागतच नाही, त्यांच्याविषयी तर बोलायलाच हवे. गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, म्हणून ‘अ समरी’ पाठवली जाते. ती पाठवली गेली की नाही, हे फिर्यादीला बहुधा ठाण्याच्या ओसरीवर कोणीतरी जाता जाता सांगते. भगवंत सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवून दिले आहे, की तपास बंद करण्याचा अहवाल मान्य करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. पण नोटीस पोहोचवतात पोलीसच, आणि ती पोहोचली नाही तर फिर्यादीला आपला हक्क होता हेही कळत नाही. तपास लागला नाही, हे समोर बसवून सांगितले तर माणूस ते समजून घेतो. मी घेतले असते. आम्ही पोलिसांकडून चमत्कार मागत नाही.

नुकसानभरपाईचा मुद्दा थोडक्यात मांडते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली पीडितांना भरपाई देण्याची योजना आहे, आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि ठाणेप्रमुखांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिले तर प्राधिकरण तातडीच्या उपचारांची सोयही विनामूल्य करून देऊ शकते. आईच्या शस्त्रक्रियेसाठी भावाने कर्ज काढले. तिला भरपाई मिळाली असती की नाही, हे प्राधिकरणाने ठरवायचे. पण अर्ज करता येतो हे तिला कळू देणे किंवा न देणे हे ठाण्याच्या हातात होते. तसेच १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. नव्या संहितेत दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते, मात्र तिच्या वतीने वकील असेल तरच. म्हणजे मोफत वकिलाची माहिती नाही, म्हणून वकील नाही. वकील नाही, म्हणून दोषारोपपत्राची प्रत नाही. आणि प्रत नाही, म्हणून उद्या साक्षीला उभे राहताना आपल्या नावावर कोणता जबाब लिहिलेला आहे हेही तिला माहीत नाही. ही साखळी ठाण्यातल्या एका वाक्याने तुटू शकते.

पीडितांशी नीट बोलणे नागपूर पोलिसांना जमत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महिला आणि मुलांसाठीचा भरोसा सेल या शहरात २०१७ पासून आहे, आणि माझ्या दोन विद्यार्थिनींच्या आयांना तिथे मिळालेली वागणूक मला माहीत आहे. समुपदेशक होते, पुढे काय होणार हे सांगणारे कोणी तरी होते, आणि त्या बायका तिथून निघताना आपल्या हातात काय आहे हे जाणून निघाल्या. मला हवे आहे ते एवढेच, की चोरी झालेल्या, गाडीखाली सापडलेल्या, फसवल्या गेलेल्या माणसालाही ठाण्यातून निघताना तितकेच कळलेले असावे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

गुन्हा नोंदवल्याबरोबर अहवालाच्या प्रतीसोबत एक छापील पान फिर्यादीच्या हातात द्यावे, मराठीत आणि मागितल्यास हिंदीत. त्यावर गुन्हा क्रमांक, लावलेली कलमे सोप्या शब्दांत, तपास अधिकाऱ्याचे नाव आणि ज्यावर फोन उचलला जाईल असा क्रमांक असावा. आणि त्याच पानाच्या मागे भरपाई, मोफत वकील, मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर परत मिळवण्याचा अर्ज आणि साक्षीदार संरक्षण यांची माहिती असावी. मुद्देमालाविषयी मुद्दाम लिहिते, कारण दागिने आणि मौल्यवान वस्तू फोटो व पंचनामा करून मालकाला लवकर परत द्याव्यात, ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे, आणि तरीही तसा अर्ज करायचा असतो हे आम्हाला ठाण्यात कोणी सुचवले नाही.

अटक, जामीन, मालमत्तेची जप्ती, तपास अधिकाऱ्याची बदली, आणि दोषारोपपत्र किंवा समरी, या प्रत्येक वेळी फिर्यादीला त्याच दिवशी फोन किंवा संदेश जावा. टोळी पकडल्याची माहिती पत्रकारांना देण्याआधी, ज्यांचे दागिने त्या टेबलावर मांडलेले असतात, त्यांना ती दिली जावी. आमच्या गुन्ह्यातील सोने अशा एखाद्या टेबलावर मांडले गेले होते का, हे मी अजून विचारलेले नाही. उत्तर होकारार्थी आले तर आईला ते सांगणे मला जड जाईल.

नव्वद दिवसांची माहिती दिली की नाही, याची नोंद प्रत्येक गुन्ह्याच्या कागदात असावी आणि दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत परिमंडळाच्या उपायुक्तांनी ती तपासावी. किती गुन्हे उघडकीस आले हे जसे विचारले जाते, तसे किती फिर्यादींना कळवले हेही विचारले जावे. जे वरून विचारले जाते तेच खाली केले जाते, हे शाळेतही मी रोज पाहते.

साठ वर्षांवरील, जखमी किंवा अपंग व्यक्तीचा जबाब तिच्या घरी किंवा रुग्णालयात जाऊन घेतला जावा, आणि दागिना हिसकावल्याच्या तक्रारीवर ‘गहाळ’ अशी नोंद करण्यास स्पष्ट मनाई करावी. हद्दीचा वाद घालून कोणालाही परत पाठवू नये. कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, गुन्हा नोंदवण्याची तरतूद आता कायद्यातच आहे.

प्रत्येक ठाण्यात आठवड्यातून दोन तास ठरवून द्यावेत, ज्या वेळी फिर्यादी येतील आणि संगणकासमोर बसलेली एक व्यक्ती त्यांना त्यांच्या गुन्ह्याची स्थिती सांगेल. १८ जुलैला त्या तरुण शिपाई मुलीने माझ्यासाठी जे केले तेच, पण सर्वांसाठी, आणि नवव्या फेरीची वाट न पाहता. त्या मुलीचे नाव मी इथे लिहीत नाही, पण आपण विचारलेत तर आनंदाने सांगेन.

आणि १ जुलै २०२४ पासून नोंदवलेल्या ज्या गुन्ह्यांत नव्वद दिवस उलटून गेले तरी फिर्यादीला काहीही कळवलेले नाही, त्या सर्वांना एका ठरावीक मुदतीत कळवावे. मुदत आपण ठरवा, पण ती जाहीर करा.

शेवटी माझ्या आईपुरते. खटला उभा राहील तेव्हा तिला साक्ष द्यायची आहे, आणि ती देणार आहे. हे तिने मला दोनदा सांगितले. ती वॉकर घेऊन चालते आणि तिला सलग तासाभरापेक्षा जास्त बसता येत नाही. सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात तिची तारीख कोणती, न्यायकक्ष कोणत्या मजल्यावर, तिथे लिफ्ट चालू असते का, आणि आरोपींपासून वेगळे बसता येईल अशी जागा आहे का, एवढे आम्हाला तारखेच्या किमान आठ दिवस आधी कळवावे. मोबाइल क्रमांक फिर्यादीत लिहिलेला आहे, आणि तो अजून तोच आहे.

आपली विश्वासू,
एका फिर्यादीची मुलगी

नागपूर, ऑगस्ट २०२५